पहिला प्रश्न

लोकशाहीत प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाइतकं मोलाचं कोणी नाही. तो आहे म्हणून सत्तेला जाग असते, तो आहे म्हणून समाजाला वाचा असते, आणि ज्या दिवशी तो गप्प बसेल त्या दिवशी सगळा डोलारा कोसळेल. एवढी मोठी जोखीम नशिबावर सोडून चालत नाही, म्हणून लोकसहभाग केंद्राने हा नागरिक तीन महिन्यांच्या करारावर नेमला होता. तो नागरिक म्हणजे ती. सभागृहाच्या तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन ती बसली होती. पिशवी केंद्राच्या मालकीची होती. पहिला प्रश्न विचारणारा माणूस बाजारातून घरी जाताना सहज डोकावल्यासारखा दिसावा, असा केंद्राचा दंडक होता. म्हणून पिशवीत जुनी वर्तमानपत्रं कोंबून तिला भाजीचा आकार आणलेला होता. मघापासून ती तो आकार सांभाळत बसली होती.

व्यासपीठावर अभियंता भुयारी मार्गाबद्दल बोलत होता. बाहेरचा मोठा रस्ता पायी ओलांडायला सध्या सिग्नल होता. त्याच्या जागी जमिनीखालून रस्ता काढायचा होता आणि त्याआधी आसपासच्या रहिवाशांचं मत घ्यायचं होतं. मत घेण्याचं काम पालिकेने केंद्राला दिलं होतं. अभियंता तोंड माइकच्या फार जवळ नेऊन बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं कुठल्यातरी टाकीतून आल्यासारखं घुमत होतं; पण बोलणं तिला पाठच असल्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं. तिचा प्रश्नही ठरलेला होता: मार्गात रात्री पुरेसे दिवे असतील का? हा प्रश्न तिला सुचलेला नव्हता, तो दिव्यांच्या चित्राला सुचलेला होता. अभियंत्याने दिव्यांचं फार देखणं चित्र करून आणलं होतं आणि कोणी विचारल्याशिवाय ते दाखवणं बरं दिसलं नसतं. ती विचारणार, तो 'अतिशय चांगला प्रश्न' म्हणणार, बटण दाबणार आणि पडद्यावर सगळा मार्ग उजळून निघणार. एकदा कोणी तोंड उघडलं की बाकीचे आपसूक बोलतात, घोडं अडतं ते पहिल्यापाशी, असं केंद्राचं शास्त्र होतं. शास्त्रात बारकावेही होते. हात एकदम ताठ वर करायचा नाही, तो शाळेतला वाटतो. आवाज फार स्वच्छ लावायचा नाही. आणि उठण्याआधी एकदा मागे वळून बघायचं, कारण खरा नागरिक बोलण्यापूर्वी आपल्या मागे कोणी आहे का ते बघतो. शेवटचं चित्र जवळ आलं तसं तिने शास्त्राप्रमाणे मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, बाबा बसलेले होते.

अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि जमीन आधीच यावी, तसं तिला झालं. तिने मान पुढे वळवली. मान वळवल्यावरही बाबा दिसतच राहिले: इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले, म्हणजे कोणाला जायचं झालं तर अडचण नको. बाबा कुठेही असेच बसत. स्वतःच्या घरातल्या खुर्चीवरसुद्धा ते थोडे पुढे सरकून बसत, जणू खुर्चीचा खरा मालक येईल आणि त्यांना उठावं लागेल. नजरानजर झाली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा किंचित वर सरकवला, म्हणजे तुझं चालू दे, मी इथे नाहीच. ते कसे आले हे कळायला तिला वेळ लागला नाही. सकाळी आईने दोनदा विचारलं होतं की आजची सभा कुठल्या सभागृहात आहे, आणि जेवायला उशीर होईल का एवढंच तिला हवं असेल असं समजून तिने पत्ता सविस्तर सांगितला होता. कुठल्या बसने यायचं तेसुद्धा.

घरी तिने खोटं असं काही सांगितलेलं नव्हतं. मी लोकांना बोलतं करते, असं ती म्हणाली होती. हे वाक्य तिला तिच्या पदवीने दिलेलं होतं आणि पदवीने तिला दिलेल्या गोष्टींपैकी तेवढंच एक वापरात होतं. विद्यापीठात तीन वर्षं तिने नागरी सहभागाचा अभ्यास केला होता. सहभागाचे प्रकार, सहभागाच्या पायऱ्या, सहभागातले अडथळे. एका परीक्षेत तर सहभागाच्या अभावाची कारणं तिने इतकी लिहिली की पुरवणी जोडावी लागली. पदवीदानाच्या दिवशी काळ्या झग्यात सगळ्यांना घाम फुटला होता आणि कुलगुरू म्हणाले होते की समाज तुमची वाट बघतो आहे. समाज वाट बघत असेल तर कुठल्यातरी दुसऱ्या दाराशी बघत होता. पुढचं सगळं वर्ष ती वेगवेगळ्या संस्थांच्या बाहेरच्या बाकांवर बसली. या बाकांवर एक विशिष्ट वास असतो, जुन्या जाजमाचा आणि कुणीतरी विसरलेल्या छत्रीचा. आतून बोलावणं आलं की तोच प्रश्न यायचा, अनुभव आहे का, आणि अनुभव कुठे मिळतो असं तिने विचारलं की ते सांगायचे, काम केल्यावर. एका संस्थेने तिला बिनपगारी घेतलं आणि चार महिने पत्रकांच्या घड्या घालायला लावलं. घडी अशी हवी की 'जागे व्हा' हे शब्द मधोमध मोडणार नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत घेणारा तिचं बोलणं ऐकता ऐकता चक्क झोपला, आणि तो जागा होईपर्यंत थांबावं की निघावं हे तिच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. ती थांबली होती. घरी आल्यावर आई विचारायची, काय म्हणाले? ती म्हणायची, कळवतील. बाबा काही विचारायचे नाहीत. ते उठून तिच्यासाठी चहा टाकायचे आणि कप जवळ ठेवताना त्याचा कान तिच्या हाताच्या बाजूला वळवून ठेवायचे.

मग केंद्राची मुलाखत आली. संचालिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, पदवीच्या कागदांकडे न बघता म्हणाल्या, मला एक प्रश्न विचार. ती गोंधळून म्हणाली, "कोणता?" मॅडमनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, सोमवारपासून ये. तिला वाटलं होतं की आपल्या चेहऱ्यावरची तळमळ त्यांनी ओळखली. रुजू झाल्यावर कळलं की त्यांनी आवाज ओळखला होता: त्यांना अगदी साधा, थोडा घाबरलेला, कुठेही ऐकू येईल असा आवाज हवा होता आणि तसा तो होता. केंद्रात प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं असे. पहिला प्रश्न विचारणारा एक. मग सभा रंगत नाही असं दिसलं की चिडून उठणारा एक, त्याला संतप्त नागरिक म्हणत. आणि शेवटी, आमचं म्हणणं ऐकून घेतल्याबद्दल आभार, असं म्हणणारा समाधानी नागरिक. संतप्त नागरिकाचं काम जो करायचा तो स्वभावाने इतका गरीब होता की स्वतःच्या घरमालकाला भिऊन तो मागच्या जिन्याने ये-जा करायचा; सगळे त्याला संतापी म्हणत. संतापीनेच तिला शिकवलं की उठताना खुर्ची थोडी वाजली पाहिजे. या सगळ्याची तिला सुरुवातीला शिसारी आली होती, पण शिसारी करारात बसत नव्हती. शिवाय मॅडम जे म्हणत ते खोटंही नव्हतं. त्या म्हणत, बाई गं, आपण उत्तर पेरत नाही, फक्त प्रश्न पेरतो. माणसं आपल्या पायाने येतात, आपल्या तोंडाने बोलतात, आपण नुसता धक्का देतो. थंडीत गाडीला देतात तसा.

धक्का देणाऱ्याचाच पाय घसरत होता, ही अडचण होती. पहिल्या सभेत ती उठली आणि तिचा आवाज बसला. तोंड हलत होतं, बाहेर काही येत नव्हतं, आणि शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने न विचारलेल्या प्रश्नाला 'अतिशय चांगला प्रश्न' म्हणून उत्तर देऊन टाकलं. दुसऱ्या सभेत आवाज आला, पण बोलण्याच्या ओघात 'आमच्या मॅडम म्हणतात त्याप्रमाणे' असं ती म्हणून गेली, आणि समोरच्या रांगेतली माणसं वळून या मॅडम कोण ते शोधायला लागली. त्यानंतर मॅडमनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. म्हणाल्या की करार संपत आला, पुढची सभा नीट झाली तर तुला कायम करते, नाही झाली तर माझ्यावर राग धरू नकोस. नागरिक काय, बरेच मिळतात. म्हणजे आजचा हात नीट वर गेला नाही तर पुढल्या महिन्यापासून तिचं आयुष्य मावशीच्या यजमानांकडे जाणार होतं. काकांचं नळ आणि न्हाणीघराच्या सामानाचं मोठं दुकान होतं आणि गेलं वर्षभर ते गल्ल्याशेजारी तिच्यासाठी एक स्टूल राखून होते. काका मनाने चांगले होते. समाजसेवाच करायची ना, मग लोकांना गळके नळ बदलून दे, असं ते दर भेटीत म्हणत आणि स्वतःच हसत. तिला त्या स्टुलाची स्वप्नं पडत. स्वप्नात दुकानातले सगळे नळ कोरडे असत, आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला, आपलं मत काय, असं विचारत फिरत असे.

माइक खरखरला. अभियंता आता खर्चाच्या चित्रावर आला होता. त्यानंतर वेळापत्रक, आणि मग आपले प्रश्न. तिच्या जिभेवर वर्तमानपत्राच्या शाईसारखी चव आली. हात वर करायला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती प्रश्नाच्या पहिल्या वाक्याला. शास्त्राप्रमाणे आधी ओळख द्यायची असे: मी इथेच पलीकडे राहते. ती कुठे राहते हे या सभागृहात एकाच माणसाला नक्की माहीत होतं, कारण ते घर त्याचं होतं आणि तिथून इथे यायला त्याला बस बदलावी लागली होती. त्याच्यासमोर उठून, हातात भाजीची खोटी पिशवी धरून, ती सांगणार होती की मी इथेच पलीकडे राहते. बाबा काही बोलणार नाहीत. घरी गेल्यावर ते आईला सांगतील की सभा छान झाली. आणि नंतर कधीतरी, शेजाऱ्याने मुलगी काय करते असं विचारल्यावर, ते नेहमीसारखं 'लोकांना बोलतं करते' असं म्हणतील, पण म्हणण्याआधी किंचित थांबतील. तेवढं थांबणं तिला आतापासूनच ऐकू यायला लागलं होतं. ओळख गाळून नुसता प्रश्न विचारला तर? मग तो प्रश्न कुणाचाच राहणार नव्हता, आणि व्यासपीठाच्या बाजूच्या दाराआड उभ्या असलेल्या मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं असतं. हातच वर केला नाही तर? तर स्टूल होतंच. पिशवीतल्या कागदांनी एकदम आवाज केला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण ती पोटाशी आवळून धरली आहे आणि भाजीचा पार चुरा झाला आहे.

बाबांनी आयुष्यात कोणाला प्रश्न विचारलेला तिने पाहिला नव्हता. ते एका कारखान्याच्या भांडारात होते. कोणी काही मागितलं की फळीवरून काढून द्यायचं, यात विचारण्यासारखं काही नसे. दवाखान्यात त्यांच्या छातीत कसं दुखतं ते आई सांगे आणि ते, दुसऱ्या कोणाचं तरी दुखणं ऐकावं तसे, मान हलवत. रस्ता चुकले तर ते विचारत नसत, चालत राहत, आणि मग पोचायला उशीर झाला की फेरफटका झाला म्हणत. ती शाळेत असताना एकदा पालकांची सभा होती. आईला ताप होता म्हणून बाबा आले होते. तेव्हाही शेवटच्या रांगेत, दाराजवळ. गणिताच्या बाईंनी मुख्याध्यापकांसमोर विचारलं की कोणाला काही विचारायचं आहे का, आणि तिने मुलांच्या बाकावरून मागे वळून त्यांच्याकडे जीव मुठीत धरून बघितलं. विचारायचं ठरलेलं होतं. तिला बाई रोज विनाकारण शेवटच्या बाकावर बसवत, ते का, हे बाबा विचारणार होते; रात्री आईने त्यांच्याकडून वाक्य म्हणवूनसुद्धा घेतलं होतं. बाबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. ते बराच वेळ बुटांकडे बघत राहिले, सभा संपली, खुर्च्या सरकल्या. येताना ती त्यांच्या पुढे पुढे चालत होती, बोलत नव्हती. कोपऱ्यावर ते म्हणाले, "तू बरी आहेस असं म्हणाल्या त्या." तेवढंच. तिला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की पुढे वर्षानुवर्षं तो राग वेगवेगळे कपडे घालून फिरत राहिला, आणि एक दिवस विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात, हा विषय का निवडत आहात या रकान्यात, 'समाजातल्या गप्प माणसांना आवाज मिळावा म्हणून' असा जाऊन बसला. समाज वगैरे काही तिच्या डोळ्यांसमोर नव्हता. डोळ्यांसमोर काळ्या बुटांची एक जोडी होती. हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि आता ती जोडी तिच्या पाठीमागे, थोडी डावीकडे, खुर्चीखाली ओढून ठेवलेली होती.

"तर," अभियंता म्हणाला आणि माइक शिटी वाजवून गप्प झाला, "कोणाला काही विचारायचं असेल तर."

सभागृहात ती शांतता पसरली जिच्यावर केंद्राचा सगळा व्यवसाय उभा होता. माणसं एकाएकी आपली नखं, पंखे आणि बाहेर जायचा दरवाजा न्याहाळायला लागली. कोणीतरी खोकलं, तो संतापी होता, दोन रांगा पुढे, आणि तो खोकला तिच्यासाठी होता. दाराआडून मॅडमचा चष्मा चमकला. तिने पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं आणि ते तिला दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागत होतं. ठीक आहे, ती स्वतःला म्हणाली, बाबांनाही एकदा कळू दे की हेच काम आहे, आणि लाज वाटायची ती एकदाच वाटून संपू दे. आणि तिचा हात निघाला. तो शास्त्राप्रमाणे ताठ नव्हता, घाबरलेला होता, अगदी खऱ्यासारखा होता. तो खांद्यापर्यंत पोचला तेव्हा तिच्या लक्षात आलं की अभियंता तिच्याकडे बघतच नाही. तो तिच्या डोक्यावरून मागे बघत होता.

"हां, बोला काका."

वर निघालेला हात तिने केसांकडे वळवला आणि मागे बघितलं. बाबा उभे होते. त्यांनी एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती आणि दुसरा हात, अजून खाली घ्यायचा राहून गेल्यासारखा, कानाजवळ होता. ते अभियंत्याकडे बघत होते. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मागे काही ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले. "परत सांगाल का?"

अभियंत्याने बोट बटणावर तयार ठेवलेलं होतं. ते तसंच राहिलं. "कुठला भाग?" त्याने विचारलं.

बाबांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि कोणाचा अपमानही करायचा नव्हता, हे तिला त्यांच्या मानेवरून दिसलं. मग ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "पहिल्यापासून."

कोणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली की आम्हालाही नुसता भों भों आवाज येतोय मघापासून. मधल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कबूल केलं की ते मान हलवत होते ती बाकीचे हलवत होते म्हणून. दुसऱ्या रांगेतलं एक जोडपं तर अर्धा वेळ हे पाणीपट्टीचं चाललं आहे असं समजून बसलं होतं. अभियंत्याने माइकवर टिचकी मारली, माइकने शेवटचा श्वास सोडला, आणि मग तो बिचारा व्यासपीठावरून खाली उतरून रांगांच्या मधल्या वाटेत येऊन उभा राहिला. तिथे चित्रं नव्हती, बटणं नव्हती. त्याला साध्या तोंडाने सांगावं लागलं की इथला सिग्नल काढून टाकायचा आहे, आणि तुम्ही एका बाजूने जिना उतरून दुसऱ्या बाजूने जिना चढून जायचं आहे. असं सांगितल्यावर ते सगळ्यांना कळलं. आणि कळल्यावर जे झालं ते केंद्राच्या आजवरच्या कुठल्याही सभेत झालेलं नव्हतं. जिना किती पायऱ्यांचा, असं एका बाईने विचारलं. तिच्या सासूबाई पलीकडच्या दवाखान्यात रोज चाकाच्या खुर्चीतून जात; ती खुर्ची कोण उचलणार, अभियंता स्वतः येणार का? मग सिग्नल राहू दे आणि मार्गही करा, असं कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, सिग्नल राहिला तर खाली उतरेल कोण, आणि दोघांचं जुंपलं. अभियंत्याने शेवटी खिशातून पेन काढलं, शेजारच्याकडून कागद मागून घेतला आणि लिहायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर एक नवखं कुतूहल आलं होतं. इतकी वर्षं रस्ते बांधून ते ओलांडतं कोण हे त्याला आजच भेटत असावं. या गदारोळात संतापीची फार पंचाईत झाली. त्याच्या वाट्याचा संताप लोकांनी आधीच उरकून टाकला होता. ठरल्या वेळी तो उठला, खुर्ची वाजवली, आणि मग काय करावं न सुचून आपल्या मूळ आवाजात म्हणाला की जरा एकेकाने बोलूया. समाधानी नागरिक तर उठलाच नाही.

ती नुसती बसून होती. भिजलेला कपडा पिळून दोरीवर टाकावा तसं तिचं अंग सैल पडलं होतं. मानेत, खांद्यांत, बोटांच्या पेरांत कुठे कुठे काय काय आवळून धरलं होतं ते सुटताना एकेक करून कळत होतं. ते वाक्य तिला उच्चारावं लागलं नव्हतं. ती इथे पलीकडे राहत नव्हती, लांब राहत होती, बस बदलून, आणि ते आता लपवावं लागणार नव्हतं. या सुटकेच्या तळाशी थोडंसं वाईटही वाटत होतं: बुटांकडे बघणाऱ्या माणसाला आवाज द्यायला ती एवढं शिकली आणि त्याने तो तिला न विचारता, बसल्या जागेवरून, परस्पर काढला. पण हे वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही. तिला भूक लागली होती.

सभा संपल्यावर मॅडमनी तिला जिन्यापाशी गाठलं. त्यांचे डोळे लकाकत होते. त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"कोण होते ते?"

ती म्हणाली, "माझे बाबा."

"ऐकू येत नाही म्हणे," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "अगं, पंधरा वर्षं मी चांगला पहिला प्रश्न शोधतेय. दिवे काय, पायऱ्या काय. आणि हे इतकं सोपं होतं. तो हात कानाजवळ ठेवणं कोणी बसवलं, तू?"

"कोणी नाही. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, मॅडम."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "खरंच वाटलं." त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. घरच्या माणसांना आणायचं आम्हाला कधी सुचलं नाही, तुमच्या पिढीचं डोकं वेगळं चालतं, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की एक तारखेपासून तू कायम. तिने आणखी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला. मॅडमनी तो नम्रपणा समजून मोडून काढला आणि त्या अभियंत्याला गाठायला गेल्या. तिचा जीव भांड्यात पडला. तो कुठल्या भांड्यात पडला हे निरखून बघण्यात अर्थ नव्हता.

बाबा खाली दाराबाहेर, लोकांच्या वाटेत येणार नाही अशा बेताने उभे होते. दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली. सिग्नल लाल होता, माणसं जिन्याशिवाय रस्ता ओलांडत होती. थांब्यावर बाकाच्या टोकाला जागा होती तिथे ते पुढे सरकून बसले, आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. पिशवी, दिव्यांचं चित्र, संतापी, आधीच्या दोन फजित्या. आजचा पहिला प्रश्न मी विचारायचा होता, ती म्हणाली. बाबा ऐकत होते. मधे एक बस आली आणि गेली. ती त्यांची होती, पण कोणी उठलं नाही.

"मग विचारायचास की," ते म्हणाले.

"तुम्ही उठलात ना आधी."

"मला काय माहीत." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "तुझ्या आईने बजावून पाठवलं होतं. काय काय होतं ते सगळं ऐकून ये म्हणाली. मी आपला पुढे वाकून वाकून ऐकतोय, तर शब्द नाही कळला. घरी जाऊन तिला सांगणार काय होतो?"

ती हसायला लागली. बऱ्याच महिन्यांत ती अशी हसली नव्हती. बाकावरच्या माणसाने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. कुलगुरू, अभ्यासक्रम, सहभागाच्या पायऱ्या, सहभागातले अडथळे. आणि बाबांच्या बाबतीत सहभागाचं कारण आई हे होतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिला त्यांना शाळेतल्या त्या सभेबद्दल विचारायचं होतं. विचारायला काही हरकत नव्हती, वेळ होता, संध्याकाळ बरी होती. तिने विचारलं नाही. ते आता तिला इतकं महत्त्वाचं वाटेना.

थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "म्हणजे तुझा प्रश्न आधी ठरलेला होता."

"हो."

"आणि उत्तर?"

"तेही."

बाबांनी मान हलवली. भांडारातल्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. फळीवर जे असेल तेच मागितलेलं बरं. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "बसून आहे." मग दुसरी बस आली. त्यांनी तिला खिडकीची जागा दिली आणि घर येईपर्यंत आईला सांगायची वाक्यं ते ओठातल्या ओठात जुळवत होते.

एक तारखेला ती कायम झाली. काकांनी ते स्टूल दुसऱ्या कोणालातरी दिलं आणि रागावले नाहीत, उलट तिला एक नळ भेट म्हणून पाठवला. त्याच आठवड्यात मॅडमचा घरी फोन आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. बाबांनी तो उभं राहून घेतला, बराच वेळ नुसतं हो म्हटलं आणि ठेवला. पुढची सभा बागेच्या वेळा बदलण्याबद्दल होती. तिच्याकडे आता व्यासपीठाची व्यवस्था होती. तिने नवा माइक आणवला होता, तो स्वतः लावून बघितला होता, आणि बाहेरच्या जिन्यावर उभ्या असलेल्या माणसालाही प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. अधिकाऱ्याने, कोणाला काही विचारायचं असेल तर, असं म्हणताच दुसऱ्या रांगेतून बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मागे काही ऐकू आलं नाही."